कोऱ्या सीडीचं पत्रक

आम्ही नकाशा मागितला होता. माहितीच्या अधिकारात, रीतसर अर्ज करून. आम्हाला मिळाली सीडी. ज्या वस्तीत दहा घरं फिरून एक संगणक सापडत नाही, तिथल्या लोकांच्या हातात चकचकीत चकती ठेवायची, रजिस्टरवर सही घ्यायची आणि म्हणायचं, घ्या, दिली माहिती. ही माहिती देणं नव्हे, माहिती लपवायची ही साळसूद पद्धत आहे, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

"कागदावर द्या," मी म्हणाले. कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीतल्या बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "मोठा प्रिंटर बंद आहे, मॅडम. वर सांगा." वर म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

नकाशा वाडीतल्या आमच्या वाटेचा होता. वस्तीतून नाक्याकडे जायला ही एकच वाट, दोन गोदामांच्या भिंतींमधून जाणारी. गोदामवाल्याला तिथे लोखंडी फाटक बसवायचं होतं. म्हणे जागा त्याचीच. मी जिच्याकडे भाड्याने राहते ती मावशी रोज सकाळी त्याच वाटेने पोह्यांची हातगाडी ढकलत ट्रान्सपोर्टवाल्यांपर्यंत जाते. फाटक लागलं की तिने गाडी घेऊन जायचं कुठून, तर अमरावती रोडवरून, वळणाऱ्या ट्रकांच्या मधून. सोमवारी सुनावणी होती. नकाशात तो सार्वजनिक रस्ता दिसला तर फाटकाची परवानगी नाकारली जाणार, नाही दिसला तर आमची वाट जाणार.

माझा लॅपटॉप पारशिवनीच्या मामेभावाने वापरून जुना झाल्यावर मला दिलेला. सीडी घातली. कर्र, कर्र. पडद्यावर आलं, डिस्क घाला. काढून पुन्हा घातली. डिस्क घाला. तिसऱ्यांदा तेच आल्यावर माझं डोकं सणकलं.

मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. मला रागाचं वाक्य शोधावं लागत नाही. तासाभरात मजकूर तयार होता: 'नकाशा मागितला, कोरी सीडी दिली! खिडकी क्रमांक चार, जनतेला उत्तर द्या!' शनिवारी छापून आणलं. मावशीच्या गॅसवर मैद्याची खळ शिजायला ठेवली. ढवळता ढवळता मावशी म्हणाली, "थे सीडी दुसऱ्याच्या मशीनमंदी लावून पाह्यली का वं?"

"मावशी, तुला नाही कळायचं. ही यांची नेहमीची चाल आहे."

"मले नाईच कळत. पन मिक्सर बंद पडला तं आंधी बटन पाहा लागते, मंग कंपनीले शिव्या."

मी हसले. संध्याकाळपर्यंत कार्यालयाच्या फाटकापासून वाडीच्या नाक्यापर्यंत एक खांब सोडला नाही.

रविवारी सकाळी मात्र तिचं ते बटण डोक्यातून जाईना. वाडीतले झेरॉक्सवाले बंद. धरमपेठेत एका काचेच्या दारवाल्या लॅपटॉपच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंनी लॅपटॉप दोन बोटांनी उलटा केला. "सीडी ड्राइव्ह? आता येतच नाही मॅम लॅपटॉपमध्ये. नवा घेऊन टाका ना."

"नवा नकोय. सीडी चालते का, तेवढं बघायचंय."

"सीडी कोण वापरतं आजकाल?"

"सरकार."

त्यांना ते विनोदी वाटलं. त्या अख्ख्या दुकानात सीडी घालायची सोय असलेलं एक यंत्र नव्हतं. चालू स्थितीतला लॅपटॉप फेकून द्या, हा सल्ला मात्र एसीची हवा खात फुकट मिळाला.

शेवटी वाडीतलेच भंगारवाले चाचा कामी आले. मेलेल्या लॅपटॉपांच्या ढिगातून त्यांनी माझ्याच कंपनीचा एक ओढला आणि त्याचा ड्राइव्ह काढून दिला. "ले जा बेटा. चला तो दुआ देना, नहीं चला तो ला के यहीं फेंक देना."

भर दुपारी मावशीच्या दिवाणावर लॅपटॉप पालथा घातला. बॅटरी काढली. उरलेल्या एका पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर गोल काढले आणि एकेक स्क्रू आपापल्या गोलात ठेवत गेले. अकरा स्क्रू. अर्धवट काम मला जमत नाही. अकराही निघाले तरी ड्राइव्ह हलेना, कारण तो बाहेर कुठून येतो हेच मला माहीत नव्हतं. मी नख घालून भलतीच फट उचकटत होते.

मावशी कांदे चिरत होती. हात पुसून वाकली. एका भोकाशेजारी प्लास्टिकवर बारीकसं चित्र कोरलेलं होतं, त्यावर तिने बोट ठेवलं. "अथी चकती काढून हाय. थो हा एकच पेच काढाचा होता का वं?"

हो. तो एकच. बाजूने ढकलल्याबरोबर ड्राइव्ह टेबलाच्या खणासारखा सरकत बाहेर आला. उरलेल्या दहा स्क्रूंचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

पुढच्या बारीक भोकात टाचणी खुपसून मी ड्राइव्हचा ट्रे उघडला. आत सीडी वाचणारं भिंग असतं, मसुराच्या डाळीएवढं. त्याच्यावर पांढरी, वाळकी खपली बसली होती. मावशीने नखाने थोडी खरवडली, बोटांत चुरली.

"हे तं आपली खळ हाय."

मागच्या मोहिमेत झोळीत लॅपटॉपवर खळीचा डबा सांडला होता. मी लॅपटॉप वरून पुसला, चालू झाला, विसरले. मावशी बोटं झटकून पुन्हा कांदे चिरायला बसली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जुन्या ड्राइव्हची पत्र्याची पट्टी काढून दुसऱ्याला लावली, तो आत सरकवला, सगळे स्क्रू बसवले. सीडी घातली. कर्र नाही, नुसती घरघर. एकच फाइल. उघडली तर दोन गोदामांच्या मध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं: सार्वजनिक रस्ता.

"हेच ना आपली वाट?" मावशीने पडद्याला बोट लावलं.

"हीच."

आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. आधी त्या कार्यालयाचा, कारण हाच नकाशा कागदावर दिला असता तर कुठलीच खळ आडवी आली नसती. मग माझा. उद्या गोदामवाल्याचा वकील माझंच पत्रक नाचवणार, हे मला स्वच्छ दिसत होतं: मॅडम, सीडी कोरी होती ना? मग हा नकाशा आला कुठून, घरी काढला? फाटकासाठी त्याला लागणारा पुरावा मीच छापून, शिजवून, चिकटवून दिला होता.

सोमवारी सकाळी नकाशाची प्रिंट घेऊन चार नंबरच्या खिडकीवर गेले. तिच्यावर कार्यालयाचा शिक्का हवा होता. बाबूंनी खणातून पत्रक काढलं. चार घड्या, कोपऱ्याला खळ.

"आमच्या घरासमोरच्या खांबावर होतं. बायकोनं वाचलं. म्हणाली, काय केलंत तुम्ही?"

"सीडी ठीक होती," मी म्हणाले. "माझा ड्राइव्ह खराब होता."

"हे तोंडी सांगून राहिल्या तुम्ही. माझ्यावरचं छापील आहे, मॅडम."

मी पत्रक ओढून घेतलं आणि पाठीवर तेच लिहिलं, सही केली. त्यांनी दोनदा वाचलं, प्रिंट मूळ नकाशाशी ताडून पाहिली आणि शिक्का मारला.

"पण कागदावर द्यायला हवं होतं," मी म्हणाले. गप्प बसणं मला जमत नाही.

"हवंच होतं. त्या बंद प्रिंटरबद्दल नाही काढलं तुम्ही पत्रक. माझ्यावर काढलं."

सुनावणीत वकिलाने पत्रक नाचवलंच. मी म्हणाले, ते मी लिहिलंय आणि ते चूक आहे. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बाबूंना बोलावलं. माझ्या सहीचं पत्रक घेऊन ते आले, त्याची मागची बाजू दाखवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सीडी मी दिली होती. नकाशा आमचाच आहे." फाटकाची परवानगी नाकारली गेली.

संध्याकाळी नवं पत्रक छापलं. तेवढ्याच आकाराचं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: 'सीडी कोरी नव्हती. चूक माझी.' खाली, त्याच मापाच्या अक्षरांत: 'बंद प्रिंटर कधी सुरू होणार?' मावशीने खळ शिजवून डब्यात ओतली, झाकणावर फडकं घट्ट बांधलं आणि डबा हातात धरूनच विचारलं, "झोळीत लॅपटॉप हाय का वं? काढ आंधी."