आखाजीचा मुऱ्हाळी

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेरी न्यायला मुऱ्हाळी येतो. भाऊ येतो, नाहीतर भाचा-पुतण्या येतो, पण माणूस यावा लागतो. फोन चालत नाही. माझा भाऊ गेली काही वर्षं फोनच करत होता. "अक्का, तुले काय, गाडी शे दारमा. बस आनि ये." आणि मी काही जात नव्हते.

धुळ्यात माझा बारदानाचा धंदा आहे. रिकामी पोती घ्यायची, फाटकी शिवून घ्यायची, पुन्हा विकायची. दोन पोत्यांपासून सुरुवात केली तेव्हा मार्केट यार्डातले लोक हसायचे. आता तेच सकाळी चहा पाजतात आणि भाव विचारतात. गाडी मी माझ्या पैशाने घेतली आणि चालवायला पन्नाशीच्या अलीकडे शिकले. म्हणून मला कोणी न्यायला येऊ नये? गरीब बहिणीला मुऱ्हाळी आणि कमावत्या बहिणीला फोन, हा कुठला हिशेब? हे मी आमच्या ह्यांना दर आखाजीला ऐकवायचे. ते वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

यंदा आखाजी रविवारी आली. शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात भावजय उभी. एकटीच, घामाघूम, खांद्याला कापडी पिशवी.

"भाऊ येस नई, म्हनीसन मी उनू," ती म्हणाली. "चाला अक्का, तुमले लेवाले उनू."

"बायको कधी मुऱ्हाळी असते का?" मी म्हटलं.

"नसते. पण पाणी तरी द्याल का?"

पाणी दिलं. चहा दिला. मग तिने खरी गोष्ट काढली. आमच्या गावात आखाजीच्या आदल्या संध्याकाळी कबड्डीचा सामना होतो, गावाच्या लेकी विरुद्ध गावाच्या सुना. मी जायचं थांबवलं तेव्हापासून लेकी हरताहेत. आणि सुनांची कप्तान ही माझी भावजय. तिला तर बरं वाटायला हवं होतं.

"कसलं बरं? गावातल्या बाया म्हणतात, नणंद येत नाही म्हणून जिंकतेस. जिंकूनही ऐकून घ्यायचं! यंदा तुम्ही या, मी तुम्हाला पाडते, म्हणजे विषय मिटला."

ही बाई माझ्यावर प्रेम म्हणून आली नव्हती, तिच्या कामासाठी आली होती. मला बरं वाटलं. अशा माणसाशी सौदा करता येतो.

"येते," मी म्हटलं. "पण गाडी नाही काढणार. मुऱ्हाळी आला की लेक त्याच्याबरोबर जाते. तू बसने आलीस, मी बसने येणार. आणि माझी पिशवी तू धरायची."

"आणि पाठीवर बसणार का?" असं म्हणत तिने पिशवी उचलली.

शिंदखेड्याच्या बसला जत्रेसारखी गर्दी होती. निम्म्या लेकीच होत्या, प्रत्येकीजवळ तिचा मुऱ्हाळी. एका म्हातारीने विचारलं, "तुम्हाला कोण न्यायला आलं?" मी भावजयीकडे बोट दाखवलं. म्हातारी हसून हसून खोकायला लागली.

गावात उतरलो तर भाऊ ओट्यावर बसलेला. मला बघून उठला, माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाडी बिघडनी का, अक्का?"

इतक्या वर्षांनी बहीण दारात आली आणि पहिला शब्द गाडीचा! माझ्या तोंडात जे आलं ते भावजयीने भाकरतुकडा ओवाळून टाकेपर्यंत मी गिळून धरलं. "गाडी ठणठणीत आहे," एवढंच म्हटलं आणि आत गेले.

सामना शाळेच्या मैदानावर, उन्हं कलल्यावर. मास्तरांनी चुन्याच्या रेषा आखून ठेवल्या होत्या. बायकांनी पदर खोचले, मंगळसूत्रं पोलक्यात टाकली, बांगड्यांवर रुमाल बांधले. माझी शाळेतली मैत्रीण मधल्या रेषेवर उभी होती. तिचं माहेर आणि सासर एकाच गल्लीत. ती पहिला डाव लेकींकडून खेळते, दुसरा सुनांकडून.

"गद्दार," मी म्हटलं.

"तू ये दरवर्षी, मग मी ठरवते कुठं राहायचं ते," ती म्हणाली.

पहिल्या डावात मी चांगली खेळले. शाळेत असताना मी तालुक्याला चढाई करायचे, ते पाय अजून विसरले नव्हते, फक्त हळू झाले होते. पण दुसऱ्या डावात मैत्रीण तिकडे गेली आणि तिने माझी सगळी चाल त्यांना सांगितली. शेवटची चढाई माझ्यावर आली. दोन गुणांनी आम्ही मागे. मी एकीला शिवले, दुसरीला शिवले आणि वळले तर भावजयीने घोटा धरला. पडले ती तोंडावर. मातीत कोपरांवर सरकत निघाले, तोंडाने कबड्डी कबड्डी चालू, आणि माझ्यावर एकीवर एक सुना.

तेवढ्यात कडेने आवाज आला, "पय अक्का, पय! दम सोडू नको!" माझा भाऊ. बायको विरुद्ध बाजूला आहे हे विसरून टोपी हातात घेऊन ओरडत होता.

बोट रेषेला लागलं. शिट्टी वाजली. मास्तर म्हणाले, दम आधी सुटला.

"कोणाचा सुटला? तुमचा?" मी उठून बसले. "मास्तर, मी अजून म्हणतेच आहे, ऐका. कबड्डी, कबड्डी."

"ताई, मी ऐकलं."

"काय ऐकलं? माझ्या अंगावर चार जणी होत्या, त्यातली कोण श्वास घेत होती ते तुम्हाला कळलं? दोन शिवल्या आणि वर तुमच्या या कप्तानीने धरलं होतं, तिचा एक. तीन गुण द्या."

"एकही देता येत नाही."

"बरं, कप्तानीचा सोडला. दोन द्या."

लोक हसत होते. मास्तर घाम पुसत होते. भावजय धूळ झटकत उठली आणि म्हणाली, "द्या हो सर दोन. नाहीतर जेवायच्या वेळेपर्यंत इथेच बसतील." सामना बरोबरीत सुटला. तिला मला पाडायचं होतं, तिने पाडलंही. पण विषय काही मिटला नाही.

रात्री ताटावर सुनांनी भावाची खूप खेचली. "दादा, टीम कोणती तुमची?" तो मान खाली घालून कढी ओरपत राहिला.

रविवारी सकाळी त्याचा व्हॉलीबॉलचा सामना, पारोळ्याहून आलेल्या मित्रांशी. तो बघून, गौराईला नमस्कार करून, लिंबाच्या झोक्यावर चार झोके घेऊन मी घरी आले. भाऊ पडवीत आंबे निवडत बसला होता. आता विचारायचंच, असं ठरवून मी समोर बसले.

"न्यायला का येत नाहीस?"

त्याने एक आंबा नाकाला लावला, बाजूला ठेवला. "मागं आलो होतो ना?"

"आलास. तेव्हापासून बंद झालास."

"तू नवीन गाडी घेतली होती. म्हणाली, बस कशाला, चल गाडीत. तू चालवत होती, मी बाजूला बसलो होतो मांडीवर तुझी पिशवी घेऊन. गावात शिरलो तर पारावरचे सगळे ओरडले, बहीननी भाऊले आनं रे! आखाजीभर तेच. पत्ते खेळायला बसलो तरी तेच. मी मुऱ्हाळी की तू?"

मी गप्प बसणारी नव्हे. "मग सांगायचं होतंस. मी गाडी दारात ठेवली असती. काल ठेवलीच ना?"

"तू बोलू देती का कोणाला?"

"आता कोण बोलतंय?"

तो हसला नाही. आंबे निवडत राहिला. पिकलेले त्याने माझ्यासमोर सरकवले. माझं म्हणणं अजून तेच आहे. चारचौघं हसले म्हणून बहिणीला सोडायचं नसतं. पण त्याच्या मांडीवरची ती पिशवी मला आठवली. ती जड होती.

सोमवारी मार्केट उघडणार, म्हणून संध्याकाळीच निघाले. मुऱ्हाळ्याने लेकीला परत पोचवायचंही असतं, ते मी मुद्दाम काढलं नाही. भावजयीने सांजोऱ्यांचा डबा बांधला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी तुमचं बोट रेषेपासून वीतभर अलीकडे." मैत्रीण कोपऱ्यावरून हात हलवत होती. भाऊ पिशवी आणि आंब्यांची पेटी घेऊन फाट्यापर्यंत आला. पारावर मंडळी बसली होती. त्यांनी पाहिलं, बोललं कोणी नाही.

बस आली. त्याने पेटी वर ठेवली, पिशवी ठेवली, मला खिडकीशी बसवलं. आता उतरेल म्हणून मी पाय आवरले, तर तो शेजारी बसला. गाडी सुटली.

"अरे, उतर! काय करतोस?"

कंडक्टर आला तेव्हा भाऊ म्हणाला, "एक फुल, एक हाफ. धुळं."

"सुटे द्या," कंडक्टर म्हणाला.

भावाने खिसे चाचपले. शर्टाचा, मग पँटचा, मग पुन्हा शर्टाचा. त्याच्याकडे मोठी नोट होती. माझ्या पर्समध्ये सुट्यांची पुरचुंडी असते, धंदेवाल्या बाईकडे नेहमीच असते. कंडक्टर कुरकुरत होता. भाऊ मागच्या माणसाकडे वळून सुटे मागत होता.

मी पर्सवर डबा ठेवला, डब्यावर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बसले.