दर पाच मैलांना एक डोस

"ही काय सांगणार? मराठीसुद्धा इंग्रजीत बोलते."

पडद्यापलीकडून आवाज आला. आमचे कंपाउंडर कांबळे मोठ्याने खोकले. मला ऐकू गेलंय, हे बोलणाऱ्याला कळावं म्हणून. मी काहीच ऐकलं नाही असं दाखवलं आणि समोरच्या बाकावर आडव्या झालेल्या माणसाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला.

लालबागमधल्या एका कापड गिरणीच्या दवाखान्यात मी असिस्टंट मेडिकल ऑफिसर आहे. घर गिरगावात, शाळा कॉन्व्हेंटची. रविवारी गिरणी बंद असते, पण एक डॉक्टर दुपारपर्यंत ड्यूटीवर असतो. तो डॉक्टर बहुतेक वेळा मीच असते. मागच्या उन्हाळ्यात रोज मोर्चे निघत होते. आमच्याकडे यायची ती लाठीने सुजलेली मनगटं, सोड्याच्या बाटलीने फुटलेली डोकी आणि अश्रुधुराने लाल झालेले डोळे. सायकलवरून पडलेला माणूस बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

त्याचं नाव दत्ताराम परब. वय एकतीस, विणकाम खात्यात चार लूम, म्हणजे यंत्रमाग, सांभाळणारा. काळाचौकीच्या तालमीतल्या सहा जणांनी पुण्यापर्यंतच्या सायकल रेसमध्ये नाव दिलं होतं. त्यांचा सराव चालू होता. पहाटे चारला निघायचं, ठाण्यावरून पनवेल गाठायचं आणि परत यायचं. पंचाहत्तर मैल. त्या दिवशी परत येताना शीवजवळ दत्ताराम सायकलसकट रस्त्यात आडवा झाला. दोघांनी त्याला टॅक्सीत घालून आणलं. पडद्यापलीकडचा आवाज त्यांच्या वस्तादांचा होता. हे सखाराम वस्ताद म्हणजे गिरणीतले रिटायर्ड जॉबर, कामगारांचे मुकादम, आणि तालमीचे सर्वेसर्वा.

नाडी एकशे चोवीस. ओठ कोरडे, चिरलेले. पोटऱ्यांत गोळे आले होते. स्नायू आखडून दगडासारखे घट्ट होतात, त्याला आम्ही क्रॅम्प म्हणतो. मी त्याच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती पटकन खाली बसली नाही, उभीच राहिली.

पुढचा प्रश्न मला विचारायचा होता आणि तो तोंडातून निघेना. मी कांबळेंकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"दत्ता, लघवी कधी झाली होती रे?"

"काल राती."

"रंग?"

"बिनदुधाच्या चायसारखा."

तालमीतली मंडळी दर शनिवारी आमच्या वजनकाट्यावर वजन करून जातात. काटा चांगला आहे, आणि फुकट आहे. मी रजिस्टर उघडलं. शनिवारी दत्ताराम एकशे एक्केचाळीस पौंड होता. त्याला धरून काट्यावर उभं केलं. एकशे चौतीस.

सात पौंड. एवढं मांस एका सकाळीत झडत नाही. जातं ते पाणी, आणि घामाबरोबर मीठ. अंगातलं पाणी इतकं कमी झालं की रक्त आटतं, हृदयाला घाईघाईने धडधडावं लागतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुस्तकात त्याला डिहायड्रेशन म्हणतात.

"वाटेत पाणी किती प्यायलात?" मी विचारलं.

दत्ताराम पडद्याकडे पाहू लागला. पडदा सरकवून वस्ताद आत आले.

"पानी? सायकलीवर? तालमीची पोरं हायत ही, बाई. चूळ भरायची नि थुकायची. घाम सुकेपर्यंत घोट पन उतरवायचा न्हाय."

"पण घाम गेला तर तेवढं पाणी आत... म्हणजे रिप्लेस..." माझं वाक्य तिथेच अडकलं.

"माझा सख्खा भाऊ कुस्ती मारून आला नि विहिरीवर घटाघटा पानी प्यायला. काठावरच पडला. उठलाच न्हाय." वस्तादांचा आवाज चढला नव्हता. "ते मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या पुस्तकात काय असंल ते असू दे."

माणूस हट्टी असता तर राग तरी आला असता. हा माणूस घाबरलेला होता.

मी त्यांना बाहेर बसवलं आणि दत्तारामला मीठ-साखर घातलेलं पाणी घोट घोट पाजत राहिले. दोन वाजता नाडी चौऱ्याऐंशीवर आली. तो उठून बसला आणि चहा मागू लागला. मला वाटलं, संपलं.

सोमवारी सकाळी आमचे सीनिअर, डॉ. वागळे, यांनी रजिस्टर वाचलं.

"श्रमाने कोसळला. नाडी एकशे चोवीस. मिस तळपदे, हे हार्ट आहे."

ते वाईट डॉक्टर नाहीत. आदल्या वर्षी त्यांनी फिट ठरवलेला एक माणूस लूमसमोरच गेला होता. तेव्हापासून ते कोणाच्याही हृदयावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी दत्तारामचा परळच्या एका हॉस्पिटलात कार्डिओग्राम काढून घेतला. कार्डिओग्राम म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावर उमटणारा आलेख. तो साफ आला. वागळेसरांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"हा झोपलेल्या माणसाचा आहे. लूमवर माणूस झोपलेला नसतो. निदान नसावा." त्यांनी 'लूम खात्यासाठी अनफिट' असा शेरा असलेला फॉर्म पुढे ओढला. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"नो, सर," मी म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात दत्ताराम उभा होता. अनफिट म्हणजे चार लूम गेले, कायमची नोकरी गेली. मग रोज सकाळी बदलीवाल्यांच्या रांगेत उभं राहायचं आणि कोणी गैरहजर असेल तर काम. त्याच्या खोलीत सात माणसं होती आणि कमावता तो एकटा.

"रेस गेली तर जाऊ दे, बाई," तो हळूच म्हणाला. "लूम जाऊ देऊ नका."

मी परत आत गेले, माझ्या टेबलाशी बसले आणि चिठ्ठी लिहिली. दोन वजनं, चूळ भरून थुंकण्याचा नियम, दुपारची नाडी, सगळं. सरांचं टेबल माझ्यापासून सहा फुटांवर. चिठ्ठी शिपायाने नेऊन दिली.

सरांनी ती वाचली. चष्मा काढला.

"समोर बसून चिठ्ठी पाठवणारी डॉक्टर मी पहिल्यांदा बघतोय. तुमचं म्हणणं असं, की ह्याला पाणी पाजलं तर तो पडणार नाही?"

मी होकाराची मान हलवली.

"दोन रविवार देतो. पहिल्यांदा ठाण्यापर्यंतच. पनवेल करून धड आला तर बघू. नाही तर सही."

आता पाणी पाजायचं कसं? दत्ताराम तयार होता, पण वस्तादांचा शब्द मोडून तो घोटही घेणार नव्हता. कांबळे बाटल्या धूत होते.

"बाई, पाणी म्हणालात तर वाद होईल. मिक्स्चर म्हणा, तोंड वाकडं करून पितील."

मिक्स्चर म्हणजे दवाखान्यात बाटलीत भरून मिळणारं पातळ औषध. आमचे लोक बाटली घरून आणतात. मिक्स्चर कडू असलं की त्यांचा विश्वास वाढतो. तसं पाहिलं तर मीठ-पाण्यात नवीन काही नव्हतं. बॉयलरवरच्या लोकांसाठी उन्हाळ्यात मिठाच्या गोळ्यांचा डबा आमच्याकडूनच जातो. ते भट्टीसमोर उभे असतात म्हणून कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

मला खोटं बोलायला आवडत नाही. पण मला बोलायलाच आवडत नाही, त्यामुळे हे सोपं वाटलं. उकळून गार केलेलं पाणी, मीठ, साखर, लिंबू. कांबळेंनी वर पेपरमिंटच्या पाण्याचे थेंब टाकले. "वास नको का औषधाचा?" लेबल मी स्वतः, स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'गरजेप्रमाणे घेणे.'

वस्तादांनी बाटली नाकाशी नेली. "औषध हाय ना? मग चालंल."

पहिल्या रविवारी दत्ताराम ठाण्याहून परत आला तो शर्टावर ओकून. मुलुंडपर्यंत त्याने थेंबही घेतला नव्हता. तिथे घसा सुकला तेव्हा बाटली तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. अर्ध्या मैलावर सगळं बाहेर.

"बघा," वस्ताद म्हणाले. एवढंच.

चूक माझी होती. 'ॲज रिक्वायर्ड' हे मी कॉलेजात हजारदा लिहिलं होतं, त्याचं मराठी करून लेबलवर चिकटवलं. पण जन्मभर तहान दाबायला शिकलेल्या माणसाला गरज कधी कळणार? तहान लागते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि उशिरा एकदम ओतलेलं पाणी पोटात राहत नाही.

"ह्या लोकांना गरज नका सांगू," कांबळे म्हणाले. "डोस सांगा."

त्यांनी कागदाची पट्टी घेतली आणि कात्रीने तिला दातरे पाडले. मिक्स्चरच्या बाटलीवर अशी पट्टी चिकटवतात, म्हणजे एका दातऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत एक डोस. एरवी डोस चमचाभर असतो. आम्ही पिंटाच्या चार मोठ्या बाटल्या घेतल्या आणि प्रत्येकीवर चारच डोस पाडले. एक डोस म्हणजे घरातला छोटा पेला. दोन बाटल्या हँडलला, दोन पाठीवरच्या पिशवीत. दर पाच मैलांना एक डोस, तहान असो वा नसो. मैलाचे दगड रस्त्यावर होतेच.

"आनि दगड चुकला तर?" दत्तारामने विचारलं.

"तर पुढच्या दगडाला एकच घ्यायचा. दोन नाही," मी म्हणाले. एवढं लांब वाक्य मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन.

दुसऱ्या रविवारी मी सात वाजताच दवाखाना उघडला. आठ वाजता वागळेसर आले. त्यांना यायची गरज नव्हती. ते पेपर वाचत बसले आणि पान उलटायचं विसरले.

साडेदहाला पाच सायकली फाटकातून आत आल्या. मी मोजल्या. परत मोजल्या. पाचच.

"दत्ता कुठाय?" कांबळेंनी विचारलं.

"कुर्ल्यापर्यंत होता आमच्यासंगती," एकजण म्हणाला आणि पोटरी धरून पायरीवर बसला. "मग मागं ऱ्हायला."

वस्ताद फाटकाकडे गेले. सरांनी पेपर घडी करून ठेवला आणि खिशातलं पेन काढलं. माझ्या डोळ्यांपुढे कुर्ल्याचा रस्ता होता आणि रस्त्यात आडवा माणूस. मला वाटलं, कार्डिओग्राम खरंच झोपलेल्या माणसाचा होता. मी एका माणसाला पंचाहत्तर मैल पिटाळलं होतं, ते एका वजनाच्या आकड्यावर.

पंचवीस मिनिटं गेली. मग दत्ताराम आला. सायकलवर बसून, पायडल मारत. दोन्ही हात काळे.

"पंक्चर झालं," तो म्हणाला. "सोल्युशन सुकलं होतं, दुसऱ्याकडं मागत बसलो."

सरांनी स्वतः नाडी धरली. ब्याण्णव. मी त्याला काट्यावर उभं केलं. दोन पौंड कमी, फक्त दोन. बाटल्या पाहिल्या. पंधरा डोस संपले होते, सोळावा शिल्लक होता. पोटऱ्या मऊ. दत्ताराम मात्र एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"काय होतंय?" सरांनी दचकून विचारलं.

"काय न्हाय, सायेब. जरा जाऊन येतो." आणि तो मागच्या मुतारीकडे पळाला.

कांबळेंनी माझ्याकडे पाहिलं. मला इतकं हसू आलं की मी रजिस्टर तोंडापुढे धरलं. सरांनी अनफिटचा फॉर्म फाडून टोपलीत टाकला, नवीन फॉर्मवर 'फिट' लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "खाली तुम्हीही सही करा. केस तुमची आहे."

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण दत्ताराम परत आला तेव्हा वस्ताद उरलेली बाटली हातात घेऊन उभे होते. पायरीवर पोटरी चोळत बसलेल्या पोराकडे त्यांनी पाहिलं, मग बाटलीवरच्या पट्टीकडे.

"बाई, हे मिक्स्चर सगळ्यांना द्या. रेसला सहा जन हायत."

कांबळे फळीवरच्या बाटल्या नीट लावू लागले. त्या आधीच नीट होत्या. सर माझ्याकडे पाहत होते, मदत मात्र करणार नव्हते.

'हो' म्हणणं सोपं होतं. पण रेस पुण्यापर्यंत. घाटाच्या पायथ्याशी बाटल्या संपल्या की तिथे ना मी, ना कांबळे. रस्त्याकडेला विहीर असेल, नळ असेल, कोणीतरी तांब्या पुढे करेल, आणि ही सहा माणसं चूळ भरून थुंकतील, कारण ते तर पाणी. औषधाचं नाव देऊन एका माणसाला एका रविवारी पाणी पाजता येतं. सहा जणांना पुण्याला पोचवायचं असेल तर नाव खरं सांगावं लागतं.

मी चिठ्ठीसाठी कागद शोधला नाही.

"वस्ताद, हे मिक्स्चर नाही, पाणी आहे," मी म्हणाले. "मीठ, साखर आणि लिंबू घातलेलं पाणी. आज दत्ताराम सायकलीवर बसून पंधरा वेळा पाणी प्यायलाय, आणि तो तुमच्यासमोर उभा आहे."