उघडी ठेवलेली फाईल

प्रिय सई, प्रिय नील,

गेल्या रविवारी नील फोनवर सहज बोलून गेला, "आजी, तुझ्या मेल्ससाठी मी एक स्क्रिप्ट लिहिलीये. तू पाठवलेली फाईल आपोआप उतरते, मोठ्या अक्षरांत बदलते आणि 'आजी' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. एकही हरवत नाही."

मी विचारलं, "आणि वाचतं कोण?"

"वाचेन गं! सगळं सेफ आहे, बिल्कुल."

रागावले नाही मी. पण फोन ठेवल्यावर एक जुनी केस डोळ्यांसमोर आली आणि आठवडाभर तिथून हलली नाही. नील, तू आता असल्या स्क्रिप्ट लिहूनच पोट भरतोस, म्हणून ती तुला माहीत असायला हवी. लहानपणी तुमची आई तुम्हाला माझ्या केसेस ऐकू द्यायची नाही. आता तुम्ही मोठे झालात. नावं मात्र मी आजही कुणाची सांगणार नाही.

मी तेव्हा दक्षिण दिल्लीतल्या औद्योगिक भागातल्या ठाण्यात इन्स्पेक्टर होते. एका दुपारी ड्यूटी ऑफिसरने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे एक बाई दबक्या आवाजात बोलत होती. नर्स असावी. नाव सांगितलं नाही.

"मैडम, एक औरत लाए हैं. दाहिने हाथ की चार उंगलियाँ नहीं हैं. साथवाले लिखवा रहे हैं कि घर में चारा काटते हुए कट गईं. तीसरी मंज़िल के कमरे में कौन चारा काटता है, मैडम?"

दवाखान्यात पोचलो तर ती बाई शुद्धीवर होती. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका कारखान्यात ती चार नंबरच्या प्रेसवर कामाला होती. हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर त्या दिवशी चाललाच नव्हता. जबाब वाचून दाखवल्यावर तिने उजवा अंगठा पुढे केला. त्या हाताचा तेवढाच उरला होता.

गुन्हा दाखल झाला. प्रश्न एवढाच होता की सेन्सर बिघडलाय हे कुणाला माहीत होतं.

कारखान्यात एक देखभाल-लिपिक होते, वय अठ्ठावन्न. रोज संध्याकाळी सगळ्या प्रेस तपासायच्या आणि काही बदललं असेल तर संगणकावरच्या तक्त्यात नवी ओळ घालायची, हे त्यांचं काम. सकाळी मॅनेजर आपल्या केबिनमधून तोच तक्ता उघडायचे, छापायचे आणि कागद फोरमनच्या हातात द्यायचे. त्यावर 'ठीक' असेल ती प्रेस सुरू.

अपघाताच्या सकाळी सव्वाआठला छापलेला कागद मॅनेजरने माझ्यासमोर ठेवला. चार नंबर: ठीक. लिपिकाच्या संगणकावरच्या तक्त्यात मात्र लिहिलेलं होतं: चार नंबर, सेन्सर बंद, प्रेस चालवू नये. आणि ती फाईल शेवटची सेव्ह झाली होती नऊ बेचाळीसला. अपघात नऊ दहाचा.

आमचे हेड कॉन्स्टेबल हरियाणातल्या रोहतकचे. मिशीला हात लावून म्हणाले, "ल्यो जी, केस खतम. कंप्यूटर झूठ ना बोल्या करै, मैडम जी, आदमी बोल्या करै."

मलाही तसंच वाटलं. माणसाने चूक केली, बाईचा हात गेला, घाबरून मागाहून ओळ घातली. असं मी पुष्कळदा पाहिलं होतं. मालकाचा वकील तर रोज विचारायचा, अटक कधी करताय?

लिपिकांना मी तीन दिवस ठाण्यात बोलावलं. फरीदाबादहून लोकलने यायचे, दहाला दहा मिनिटं असताना बाकावर हजर. डबा बरोबर असायचा, पण उघडलेला मी कधी पाहिला नाही.

"घर में कौन कौन है?"

"कोई नहीं जी. पत्नी थी."

"नौ बयालीस पर फाइल में क्या किया?"

"स्क्रीन चालू की. अपनी लाइन देखी. सेव दबाया."

"क्यों दबाया, जब कुछ लिखा नहीं?"

"आदत है जी. पहले बिजली बहुत जाती थी."

हेड कॉन्स्टेबल मोठ्याने हसले. "बाबूजी, बिजली तो ईब भी जावै सै, पर झूठ लिखके ना जाती."

तेव्हा लिपिक माझ्याकडे वळले. टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव होतं. हळूच, अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, "बाई, मी खोटं लिहीत नाही हो."

अमरावतीकडचा आवाज होता तो. दिल्लीत तीस वर्षं काढूनही तसाच राहिलेला. मी मान वर केली नाही. म्हटलं, "हिंदी में बोलिए. बयान दर्ज हो रहा है."

नियमाने ते बरोबरच होतं. संशयित आणि तपास अधिकारी इतरांना न कळणाऱ्या भाषेत बोलू लागले, तर उद्या कोर्टात त्याचा अर्थ काहीही निघतो. "जी," म्हणून त्यांनी मान खाली घातली. पुन्हा माझ्याशी मराठीत एक शब्द बोलले नाहीत.

त्या दिवशी घरी आल्यावर मी छापील कागद आणि तक्त्याची प्रत शेजारी शेजारी ठेवली आणि पट्टी लावून ओळी जुळवल्या. तुमचे आजोबा मला हसायचे, धोब्याचे कपडेसुद्धा ही पट्टी लावून तपासेल म्हणून. छापील कागदावर अकरा ओळी होत्या, तक्त्यात तेरा. जादा दोनपैकी एक चार नंबरची. दुसरी अशी: दोन नंबरच्या प्रेसला ग्रीस दिले.

मी तिथेच थांबले. बाईची बोटं गेल्यावर स्वतःला वाचवायला खोटं लिहिणारा माणूस ग्रीसबद्दल कशाला लिहील? सकाळी स्टोअरकीपरला विचारलं. त्याच्या वहीत आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ग्रीसचा डबा दिल्याची सही होती. म्हणजे दोन्ही ओळी संध्याकाळच्याच असणार. मग सकाळच्या कागदावर त्या का नाहीत?

लिपिकांना पुन्हा बोलावलं. या वेळी वेगळं विचारलं. "उस शाम रोज़ से अलग क्या किया?"

ते म्हणाले, "रोज़ फाइल बंद करके जाता हूँ. उस दिन खुली छोड़ी. वही लाइन सामने रखकर. सोचा, सुबह जो भी मेरी मेज़ के पास से जाएगा, सबसे पहले वही देखेगा."

कुणीही पाहिली नव्हती. चौकीदाराने रात्रीच्या फेरीत रोजच्यासारखे सगळ्या संगणकांचे स्क्रीन बंद केले होते. संगणक मात्र चालूच होता.

दोन्ही संगणक आम्ही आधीच सील केले होते. प्रयोगशाळेच्या माणसाने त्यांच्या हुबेहूब नकला तयार केल्या आणि त्या आम्ही त्याच खोल्यांत मांडल्या. दोन साक्षीदार उभे केले. लिपिकांच्या टेबलावर फाईल उघडी ठेवली आणि मी मॅनेजरच्या खुर्चीत जाऊन बसले. पडद्यावरच्या तक्त्याच्या चित्रावर, म्हणजे आयकॉनवर, दोनदा टिचकी मारली. एक काळी चौकट पापणी लवेपर्यंत दिसली आणि गेली. मग तक्ता उघडला. अकरा ओळी. चार नंबर: ठीक.

"ये काला क्या आया था?"

मॅनेजर म्हणाले, "कुछ नहीं मैडम, रोज़ आता है."

संगणक दुरुस्त करणारा बोलावला. स्कूटरवरून आला तो हेल्मेट हातात धरूनच उभा राहिला. चाळिशीचा, कामात हुशार. त्याने सांगितलं ते असं. फाईल दुसरीकडे उघडी असली की मॅनेजरच्या पडद्यावर सूचना यायची: ही फाईल वापरात आहे, काय करू? मॅनेजर त्याला कंटाळले होते. "साहब ने बोला, ये डब्बा मेरे सामने नहीं आना चाहिए. तो मैंने डब्बा हटा दिया." त्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणक आपोआप पाळतो अशा सूचनांची यादी, लिहून ठेवली होती. चित्रावर टिचकी मारली की फाईल नाही, आधी स्क्रिप्ट चालायची. मूळ फाईल मोकळी असेल तर ती उघडायची आणि तिची एक नक्कल बाजूला ठेवायची. मूळ फाईल वापरात असेल तर न विचारता शेवटची नक्कल उघडायची. त्या सकाळी मॅनेजरने आदल्या सकाळची नक्कल छापली होती.

"साहब को बताया था कि पुरानी खुलेगी?"

"उन्होंने पूछा नहीं, मैडम."

लिपिक दारात उभे होते. ते आपल्या टेबलावरच्या उघड्या फाईलकडे पाहत होते. त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. रोजच्यासारखी फाईल बंद केली असती, तर मूळ फाईल उघडली असती. सर्वांनी वाचावी म्हणून उघडी ठेवली, आणि त्यामुळेच ती कुणी वाचली नाही.

आरोपपत्रात त्यांचं नाव साक्षीदार म्हणून गेलं. प्रेस स्वतः न तपासता कागदावर चालवणाऱ्यांची नावं आरोपी म्हणून गेली. शेवटचा जबाब झाल्यावर हेड कॉन्स्टेबलनी लिपिकांना स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. "बाबूजी, माफ करियो," एवढंच म्हणाले.

निघताना मी त्यांना ठाण्याच्या फाटकापर्यंत सोडायला गेले. आता मराठीत बोलायला काहीच हरकत नव्हती. पण माझ्या तोंडून निघालं, "अब आप आराम से जाइए."

ते म्हणाले, "मैडम जी, मेरी मेज़ से फोरमैन की मेज़ चालीस कदम है. पहले रोज़ जाकर मुँह से बोलता था. कंप्यूटर आया तो साहब ने कहा, बैठकर लिखा करो." मग नमस्कार केला आणि स्टेशनच्या दिशेने निघाले. वळून पाहिलं नाही. त्यांना माझ्याशी बोलायला मीच एक भाषा शिल्लक ठेवली होती, तीत ते बोलले.

नोकरीत मी खोटं बोलणारी माणसं पुष्कळ पाहिली. या केसमध्ये तक्त्याबाबत कुणीच खोटं बोललं नव्हतं, आणि त्यात एक निर्दोष माणूस माझ्या हातून तुरुंगात जाणार होता. तेव्हापासून कुणी सांगितलं की मी अमुक पाहिलं, तर मी आधी त्याच्या खुर्चीत बसून पाहायचे. नील, तूही तसंच कर. ज्याच्यासाठी स्क्रिप्ट लिहिशील त्याच्या खुर्चीत एकदा बस, आणि पडद्यावरून काय काढून टाकलंस ते त्याला तोंडाने सांग.

आता माझ्यापुरतं सांगते. नोएडातल्या या घरात दिवसभरात मराठीत बोलायला कुणी नसतं. भाजीवाला, लिफ्टवाला, डॉक्टर, सगळं हिंदीत. तुम्हाला लिहिते तेवढंच माझं मराठी. ते फोल्डरमध्ये सुरक्षित आहे हे मला पटतं, पण तिथे ते वाचलं जातं का, ते माहीत नाही. म्हणून हे मेलने पाठवत नाही, छापून टपालात टाकते आहे. आणि तुमची आई लँडलाईन काढून टाक म्हणते, ती मी काढलेली नाही. बैठकीच्या खोलीत आहे, नंबर तोच आहे, आणि चालू आहे.

तुमची,
आजी