निर्णयांचं साटंलोटं

आमच्या साहेबांइतका संशयी माणूस अख्ख्या अंधेरीत दुसरा झाला नसेल. ऐंशीच्या दशकात आम्ही तिथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचो. नुसतं एवढं सांगितलं तरी लोक आदरानं पाणी विचारायचे. साहेब ते पाणीही वास घेऊन प्यायचे. माणसांवर मात्र त्यांचा संशय नव्हता, तो निर्णयांवर. आपण काही ठरवलं की चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "हे ठरवलंस ते कोणाच्या जिवावर?" प्रत्येक निर्णय एकेका पुठ्ठ्यावर लिहून ते टेबलावर मांडत आणि दोन पुठ्ठे शेजारी आले की पुटपुटत, "यांचं साटंलोटं दिसतंय." पंखा लावला तर पुठ्ठे उडत, वजन ठेवलं तर सरकवता येत नसत, म्हणून भर मे महिन्यात आम्ही सगळे घामाघूम.

घाटकोपरच्या एका इस्पितळाच्या रक्तपेढीचं काम माझ्याकडे आलं. ते पार पडलं की मी नोकरीत कायम होणार होतो. साहेब तेव्हा रजेवर होते. जागा वाचावी म्हणून वापरून झालेल्या बाटलीचा नंबर नव्या बाटलीला द्यायचं मी ठरवलं. वेळ वाचावा म्हणून कुठल्या नंबरच्या बाटलीत कुठला रक्तगट ही यादी दिवसातून एकदाच, संध्याकाळी बदलायची ठरवली. दोन्हींचं कौतुक झालं. प्रोग्रॅम दाखवायच्या दिवशी साहेब रजेवरून परतले आणि डॉक्टरांसमोरच त्यांनी माझ्या या दोन निर्णयांचे पुठ्ठे शेजारी ठेवले.

"सकाळी नवी बाटली आली, नंबर जुना. दुपारी मशीन गट कुठला सांगणार?"

"जुन्या बाटलीचा," मी म्हणालो.

"एकेकटे दोघंही सज्जन आहेत रे. एकत्र आले की जीव घेतील कुणाचा तरी."

काम थांबलं, माझी नोकरी लटकली. जिन्यात मी भडकलोच. "साहेब, तुम्हाला जिथं तिथं साटंलोटंच कसं दिसतं?"

"माझं लग्न तसंच झालं ना," ते म्हणाले. "माझी बहीण बायकोच्या भावाला दिली होती. तिचं तिथं पटलं नाही, ती माघारी आली. महिन्याभरात त्यांनी हिलाही माहेरी नेलं. आमच्या दोघांचं काहीच बिनसलं नव्हतं रे."

आणि ते खाली उतरून गेले. कायम व्हायला मला आणखी वर्ष लागलं, त्याचं आता काही वाटत नाही. पण त्या दिवशी "साहेब, घरी जेवायला चला" एवढंही मला सुचलं नाही, त्याची चुटपुट अजून लागून राहिली आहे.