रिळाच्या तळाचा दोरा

अब्बांची उजवी बाजू गेली तेव्हा मी हिमाचलात, नदीकाठच्या एका कॅम्पवर कामाला होतो. तिथे येणाऱ्या पाहुण्यांना मी फ्लाय फिशिंग शिकवायचो. गळाला आमिष लावायचं नाही, पिसांचा नकली किडा बांधायचा आणि तो पाण्यावर अलगद टाकायचा. सात वर्षं हेच केलं. अब्बांसाठी म्हणून महिनाभराच्या रजेवर लोणावळ्याला आलो, त्याला आता चार वर्षं झाली.

आमचं दुकान बाजारात आहे. शिवणाचा दोरा, सुतळी, नाड्या, जाळी विणायचा दोरा असा माल. अम्मी आधीच गेलेली. बहीण तळेगावला, तिची नोकरी आणि तिचं घर. त्यामुळे सकाळी अब्बांना आंघोळ घालायची, चाकाच्या खुर्चीत बसवून दुकानात आणायचं, दुपारी औषध, पाठ दुखायला लागली की कूस बदलून द्यायची, आणि दुकान वाढवलं की परत घरी. शनिवार-रविवारी समोरचा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी गच्च होतो. मेडिकलपर्यंत जाऊन यायला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ अब्बांना एकटं ठेवताना माझा जीव वर-खाली होतो. पवना धरण आमच्यापासून काही फार लांब नाही. पण चार वर्षांत मी एकदाही पाण्यावर गेलो नव्हतो.

गेल्या थंडीत एका रिकाम्या दुपारी मी कपाटातून माझं रीळ काढलं. वरची जाड लाइन ठीक होती. ती जेमतेम तीस मीटर असते. तिच्या खाली, रिळाच्या तळाशी, बारीक दोरा गुंडाळलेला असतो, त्याला बॅकिंग म्हणतात. मोठा मासा लागला, पळत सुटला आणि लाइन संपली, तरच तो बाहेर येतो. मी कॅम्पवर घाईत सुती दोरा गुंडाळला होता. लोणावळ्याच्या ओलीने त्याला काळी बुरशी धरली होती. जरा ओढला तर तीन ठिकाणी तुटला.

अब्बा खुर्चीतून बघत होते. आजारानंतर त्यांचे शब्द सावकाश येतात.

"काय तुटलं?"

मी सगळं समजावून सांगितलं.

"मासा एवढा लांब पळतो?"

"क्वचित."

"मग हा लागतो कशाला?"

"पळालाच तर असावा म्हणून."

त्यांनी एक तुकडा मागून घेतला, डाव्या चिमटीत चुरडला. मग म्हणाले, "नायलॉन काढ."

पुढचे पाच-सहा आठवडे तेच चाललं. दुकानातला एकेक दोरा ते मागून घ्यायचे. पाण्याच्या ग्लासात भिजवायचे, एक टोक दातात धरायचं, दुसरं डाव्या मुठीला गुंडाळून ओढायचं. हा सुटतो, हा फुगतो, याचा पीळ उलटा आहे. फिरून गाडी नायलॉनवरच यायची. इतकं बोलताना मी त्यांना आजारपणात कधी पाहिलं नव्हतं. नायलॉन चालत नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी गप्प होतो.

दोरा ठरेपर्यंत मी कुठे जात नाही, हे त्यांना कळत असणार. मलाही घाई नाही, हे माझ्या लक्षात यायला मात्र वेळ लागला. कॅम्पवरून मी एकदाच निघालो होतो, तेच जड गेलं होतं. धरणावर जायला लागलो तर दर वेळी तिथून निघावं लागणार होतं.

मग पवनानगरचे एक कोळी जाळ्याचा दोरा घ्यायला आले. आमचे जुने गिऱ्हाईक, मी त्यांना भाऊ म्हणतो. त्यांनी रीळ हातात घेऊन फिरवलं आणि अब्बांच्या मांडीवरची नायलॉनची गुंडाळी बघितली.

"चाचा, ह्ये नगं. वढ बसली का ताणतंय, आन् मग रिळावं आकसतंय. म्या आवळून फुटल्यालं रीळ बघितलंय."

भाऊ गेल्यावर अब्बांनी मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग आधी का नाही बोललास?"

मी त्यांच्या मांडीवरचं नायलॉन उचलून फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी विणलेला पॉलिएस्टर दोरा मागवला, नारिंगी रंगाचा, लांबूनही दिसणारा. तो आल्यावर अब्बांनी भिजवून दातात धरून बघितला. "ताणत नाही," म्हणाले, "हाच घे." मी रीळ फिरवत होतो आणि त्यांनी गुंडाळी डाव्या हातात धरून तिच्यावर अंगठा दाबून ठेवला होता. "सैल जातोय, परत घे," असं म्हणत दोनदा सगळा उलगडायला लावला.

एका मंगळवारी बहिणीने रजा काढली. मी स्कूटरवरून दुधिवऱ्याच्या खिंडीतून सात वाजता पाण्याशी पोचलो. हात विसरला होता, लाइन ढीग होऊन पुढ्यातच पडत होती. नऊ वाजेपर्यंत ती सरळ जायला लागली. वीतभर मासा लागला, तो सोडून दिला. दर दहा मिनिटांनी मी फोन बघत होतो. बहिणीचा फोन आला नाही. तिला संध्याकाळपर्यंत येतो असं सांगितलं होतं, तरी साडेअकराला मी सामान आवरलं. मला कुणी बोलावलं नव्हतं.

दारातच अब्बांनी विचारलं, "दोरा बाहेर आला?"

"आला."

"किती?"

"पन्नास हात."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग महिनाभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सावकाश सांगायचे, पन्नास हात गेला, पण तुटला नाही. मी काउंटरमागे खाली मान घालून माल बांधायचो.

शेवटी एका शनिवारी मला ते सहन होईना. "अब्बा, दोरा आला नव्हता. मोठा मासा लागलाच नाही."

"माहितेय," ते म्हणाले. "त्या दिवशीच हात लावून बघितला. कोरडा होता."

"मग लोकांना का सांगता?"

"पळालाच तर तुटणार नाही, म्हणून." मग डाव्या हाताने त्यांनी खुर्ची रस्त्याकडे करायची खूण केली. मी ती वळवली. बाहेर गाड्या उभ्याच होत्या. आम्ही दोघं त्या बघत बसलो.