पुराची रेघ

रंगारी भिंत घासता घासता थांबला. "ताई, ही रेघ पुसू की ठेवू?"

स्वयंपाकघरातली ती पुराची रेघ माझ्या कमरेएवढी आहे. कामांच्या यादीत मी 'रेघ पुसणे' तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं, कारण तिच्याकडे पाहिलं की मला फक्त नावेत बसून रडणारी मी आठवायची.

शेजारच्या शालनकाकू चहाला आल्या होत्या. त्यांनी रंगाऱ्याला पूर सांगायला घेतला. "पाणी इथवर," म्हणत त्यांनी खांद्याला हात लावला. गेल्या वर्षी हेच सांगताना तो हात छातीशी होता. "आणि ही बाई नावेत माणसांची यादी करत होती."

"काकू, मी रडत होते."

"रडत होतीस की. रडत रडत लिहीत होतीस. कागद भिजला तशी माझ्या तळहातावर नावं लिहिलीस."

तेव्हा मला पेन आठवलं, काकूंचा पसरलेला हात आठवला आणि गुदगुल्या होऊन त्या हसल्या होत्या, तेही आठवलं. हे माझं आठवणं की त्यांचं सांगणं, कोण जाणे. पण मी एकटीने जपलेल्या पुरात मी एकटीच होते. काकूंच्या पुरात सगळी गल्ली नावेत बसली होती.

मी यादीतला तिसरा क्रमांक खोडला. "रेघ राहू दे," मी रंगाऱ्याला म्हटलं.

काकूंनी रेघेकडे निरखून पाहिलं. "राहू दे, पण जरा वर घे रे बाबा. फारच खाली आलीय."