'न्हाई' म्हणायच्या आधी

तीन आठवड्यांपूर्वी कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला, 'आपल्या माजी ग्रंथपाल शिंगारे बाई यांचं निधन. शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपलं.' पहिलं वाक्य वाचून मी मटकन खाली बसले. दुसरं वाचून उठले. बाई शांत नव्हत्या, मनमिळाऊ तर मुळीच नव्हत्या. मेल्यावर तरी माणसाला असं गुळगुळीत करू नये...

त्यांची माझी गाठ पडली ती मी पीएच.डी.साठी धडपडत होते तेव्हा. माझे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतर तेलगावजवळच्या आमच्या वस्तीत बहुतेक म्हातारी माणसंच उरायची. एकाला दिसायचं नाही, दुसऱ्याला उठता यायचं नाही. तीच एकमेकांना भाकरी करून घालायची. या मागं राहणाऱ्यांवर मला संशोधन करायचं होतं. मार्गदर्शक सरांनी आराखडा परत केला. "यावर पूर्वसंशोधनच नाही. विषय बदला." मीही शोधलं होतं, एकही लेख मिळाला नव्हता. तालुक्याच्या कॉलेजात संशोधनलेखांचे ऑनलाइन डेटाबेस आहेत असं कळलं, म्हणून बसने तिथं गेले आणि ग्रंथपाल बाईंच्या टेबलापुढं उभी राहून चक्क रडले.

"कावून रडायलीस? कुटं शोधलंस?"

"समाजशास्त्रात."

"मग बाकीची शास्त्रं मेली का काय?"

त्यांनी मला शेजारी बसवलं. "माहेरी मी द्वारका, सासरी सुनंदा. सासरच्या गावात द्वारका कुटं राहती इचारलं, तर लोक न्हाईच म्हणतील की." त्या दिवशी मला कळलं, आमच्या वस्तीवरची म्हातारी प्रत्येक शास्त्रात वेगळ्या नावानं राहते. आरोग्यशास्त्रात ती 'वृद्धांची काळजी' होती, भूगोलात 'हंगामी स्थलांतर', अर्थशास्त्रात नुसतीच 'अवलंबित व्यक्ती'. बाई एकेक शब्द बदलून पुन्हा शोधायला लावायच्या. लेख सापडला की शेवटची संदर्भसूची वाचायची, मग त्या लेखाचा आधार पुढं कोणी घेतला तेही बघायचं. माझं इंग्रजी कच्चं. अडले की त्या शब्दकोश पुढं ढकलायच्या. म्हणायच्या, "मला तुझा इषय कळत न्हाई, पर तो कुटं दडलाय ते कळतंय."

एकदा प्राचार्य आले. "ही आपली विद्यार्थिनी नाही. कॉम्प्युटर ॲडमिशनच्या कामाला लागतात." बाई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. "वाचकाला हाकलायचा नियम दाखवा सर, आत्ता उठवते तिला." सर निघून गेले. पुढं बाईंचे रजेचे अर्ज अडवले गेले, हे मला फार उशिरा कळलं... त्यांनी कधी सांगितलं नाही.

पाच महिन्यांत वही भरली. पण बहुतेक लेख स्थलांतर करणाऱ्यांवर होते, काही त्यांच्या मुलांवर. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांवर मोजके, तेही परदेशातले. ऊसतोडीच्या गावांतल्या म्हाताऱ्यांवर एकही सापडला नाही. मी हिरमुसले. "म्हणजे माझे मार्गदर्शक सर बरोबरच होते."

बाई भडकल्या. "लई फरक हाय! त्यांनी न बघता न्हाई म्हणलं. तू चारी दिशा हिंडून म्हणायलीस. आता जा, आन् त्यांच्या तोंडावर म्हण."

गेले. सर वही चाळत म्हणाले, "यातलं बरंचसं आपल्या विषयाबाहेरचं आहे." मी म्हटलं, "सर, माणसं विषय बघून म्हातारी होत नाहीत." त्यांनी वही मिटली, माझा आराखडा पुढं ओढला... आणि सही केली.

आता मी बाईंच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. त्या निवृत्त झाल्यावर त्यांची जागा कोणी भरलीच नाही. शोकसभेत सगळे दोन मिनिटं उभे राहिले, आणि त्याच आठवड्यात ठरलं की ग्रंथालयातली कॉम्प्युटरची खोली रिकामी करून तिथं जुन्या उत्तरपत्रिका ठेवायच्या. तेव्हापासून तास संपले की मी त्या खोलीत जाऊन बसते. बाईंनी जुन्या लुगड्याची शिवलेली गादी खुर्चीवर तशीच आहे. काल उमापूरची एक मुलगी आली होती, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या मुलींवर तिला लिहायचंय. आम्ही शोधत होतो, तेवढ्यात शिपाई मामा दारात येऊन अवघडून उभे राहिले. "मॅडम, खोलीची किल्ली मागितलीया प्राचार्य सरांनी."

"सरांना म्हणावं, माझ्याकडं हाय. देणार न्हाई."

मामा गालात हसले आणि गेले. आम्ही पुढचा शब्द टाइप केला.